गुणाकार टाळणारी गाळणी

ईसीजी काढताना डॉक्टर सांगतात, हलू नका, बोलू नका, हातपाय सैल सोडा. त्यामागे कारण आहे. छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत हृदयाची जी विद्युतलहर पोहोचते ती जेमतेम एक मिलिव्होल्टची असते, म्हणजे पेन्सिल सेलच्या दाबाचा दीड हजारावा भाग. हात जरा ताठ धरला की स्नायूंची वीज तिच्यात मिसळते. श्वासाबरोबर सगळी रेघ हळूहळू वर-खाली तरंगते. शिवाय भिंतीतल्या तारा, डोक्यावरचा पंखा आणि ट्यूबलाइट यांच्याकडून घरगुती विजेची घरघर शरीरावर उतरते, ती सेकंदाला ५० आवर्तनांची. या सगळ्या गलक्यातून हृदयाचा ठोका तेवढा वेगळा काढायचा असतो.

हे काम करतो डिजिटल फिल्टर, म्हणजे आकड्यांची गाळणी. मोठ्या संगणकावर ती लिहिणं अवघड नाही. पण छातीवरच्या पट्ट्यात किंवा खिशात मावणाऱ्या मॉनिटरमध्ये जो प्रोसेसर बसवलेला असतो, त्याच्याकडे वेळ, स्मृती आणि बॅटरी हे तिन्ही मोजूनमापून दिलेलं असतं. अशा प्रोसेसरसाठी चांगली गाळणी कशी लिहावी, याचं माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण १९८५ सालचं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जियापू पॅन आणि विलिस टॉम्पकिन्स यांनी हृदयाचा ठोका त्याच क्षणी ओळखणारी रीत प्रसिद्ध केली आणि ती झेड-८० या आठ बिटांच्या प्रोसेसरवर चालवून दाखवली. आज चाळीस वर्षांनंतरही जैववैद्यकीय अभियांत्रिकीचे विद्यार्थी हीच रीत शिकतात.

वेळेचा हिशेब

झायलॉग कंपनीचा झेड-८० बाजारात आला १९७६ साली. त्याची सुरुवातीची आवृत्ती सेकंदाला २५ लाख सायकलींनी, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या टिकटिकींनी, चाले. दोन लहान संख्यांची बेरीज तो चार सायकलींत करी. गुणाकाराची आज्ञा मात्र त्याच्याकडे नव्हतीच. गुणाकार हवा असेल तर शाळेत पाटीवर करतो तसा, एकेक अंक सरकवत आणि बेरजा करत, प्रोग्राम लिहून करायचा. अशा एका गुणाकारात काही शे सायकली जातात.

आता हृदयाकडे पाहू. पॅन आणि टॉम्पकिन्स यांनी ईसीजीची मोजमापं सेकंदाला २०० वेळा घेतली, म्हणजे दर ५ मिलिसेकंदांनी एक. २५ लाख सायकलींच्या प्रोसेसरला दोन मोजमापांच्या मध्ये १२,५०० सायकली मिळतात. पाठ्यपुस्तकातली नेहमीची गाळणी प्रत्येक नव्या मोजमापाला मागच्या, समजा, ३२ मोजमापांना ३२ वेगवेगळ्या अपूर्णांकांनी गुणते आणि बेरीज करते. एका गुणाकाराला ५०० सायकली धरल्या तरी ३२ गुणाकारांना १६,००० लागतात. पुढचं मोजमाप दारात येऊन उभं आणि पहिल्याचा हिशेब अजून अपुरा, अशी गत होते.

यावर एक उपाय म्हणजे वेगवान प्रोसेसर घेणं. या दोघांनी वेगळा उपाय केला. गाळणीतले आकडेच असे निवडले की गुणाकाराची वेळ सहसा येऊच नये.

चार मोजमापांची बेरीज

गाळणी म्हणजे नेमकं काय, हे एका अगदी साध्या उदाहरणातून कळतं. दर ५ मिलिसेकंदांनी मोजमाप घेतो आहोत आणि दर वेळी शेवटच्या चार मोजमापांची बेरीज करतो आहोत, असं धरा. चार मोजमापं म्हणजे २० मिलिसेकंद. आणि ५० आवर्तनांच्या विजेचं एक पूर्ण आवर्तनही बरोबर २० मिलिसेकंदांचंच असतं. विजेची लहर जेवढी वर जाते तेवढीच खाली येते. तिची सलग चार मोजमापं ७, ३, उणे ७, उणे ३ अशी आली, तर बेरीज शून्य. पुढच्या वेळी पहिला ७ गळून शेवटी नवा ७ आला, तरी ३, उणे ७, उणे ३ आणि ७ यांची बेरीज पुन्हा शून्य. लहर कुठूनही धरा, विजेची घरघर स्वतःलाच खोडून टाकते.

हृदयाचा ठोका मात्र टिकतो. ईसीजीतला उंच टोकदार भाग, ज्याला डॉक्टर क्यूआरएस म्हणतात, त्याची बहुतेक शक्ती सेकंदाला ५ ते १५ आवर्तनांच्या आसपास असते. १० आवर्तनांची लहर या गाळणीतून ९४ टक्के तशीच पार होते. तीन बेरजांत आपण ठोका ठेवला आणि वीज काढून टाकली.

सरासरी हवी असेल तर चाराने भागावं लागेल. पण दशमान संख्येला शंभराने भागायचं तर आपण शेवटचे दोन अंक सोडून देतो. संगणकाची मोजणी दोनाच्या घातांत असल्यामुळे तिथे चाराने भागणं म्हणजे शेवटचे दोन बिट सोडणं. आठासाठी तीन, बत्तीससाठी पाच. भागाकाराच्या जागी नुसतं सरकवणं येतं, आणि अंक सरकवणं छोट्यात छोट्या प्रोसेसरलाही स्वस्तात जमतं.

कंडक्टरची मोजणी

चाराऐवजी ३२ मोजमापांची बेरीज हवी असेल तर? दर वेळी ३१ बेरजा करायला नकोत. एसटीचा कंडक्टर दर थांब्यावर सगळी गाडी पहिल्यापासून मोजत बसत नाही. चढले तेवढे मिळवतो, उतरले तेवढे वजा करतो. इथेही तसंच: चालू बेरीज जवळ ठेवायची, नवं मोजमाप तिच्यात मिळवायचं आणि ३२ पावलांपूर्वीचं वजा करायचं. मोजमापं ३२ असोत की ३,२००, काम एका बेरजेचं आणि एका वजाबाकीचं.

३२ पावलांपूर्वीचं मोजमाप हाताशी हवं म्हणून ३२ घरांची एक गोल रांग ठेवतात. शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिलं घर. घरांची संख्या दोनाच्या घातांपैकी, म्हणजे १६, ३२, ६४ अशी ठेवली की फेरी पूर्ण झाली का हे तपासावंही लागत नाही. घरक्रमांकाचे शेवटचे पाच बिट तेवढे वाचायचे, की ३१ नंतर आपोआप शून्य येतो.

इथे पूर्णांकांचा एक मोठा गुण कामी येतो, आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. दशांश बिंदू तरंगता ठेवणाऱ्या संख्या, ज्यांना फ्लोटिंग पॉइंट म्हणतात, जास्त अचूक असतील असं आपण गृहीत धरतो. पण चालू बेरजेत त्या दगा देऊ शकतात. प्रत्येक बेरजेनंतर तिथे शेवटचा अंक गोल केला जातो. आत जाताना एका रीतीने गोल झालेली संख्या बाहेर पडताना दुसऱ्या रीतीने गोल होते, आणि दोघांतला कणभर फरक बेरजेत मागे राहतो. सेकंदाला २०० असे कण तासन् तास साचत गेले की रेघ हळूहळू जागा सोडू लागते. पूर्णांकात जे आत आलं ते जसंच्या तसं बाहेर पडतं आणि मागे काहीच उरत नाही.

मग बेरीज मधेच फार मोठी झाली आणि १६ बिटांत मावली नाही तर? त्याचीही चिंता बहुतेक वेळा नको. बारा तासांचं घड्याळ आठवा. १० वाजले आहेत. त्यात ५ तास मिळवा, काटा ३ वर येतो. आता ७ तास मागे न्या, काटा ८ वर. खरं उत्तरही १० अधिक ५ उणे ७, म्हणजे ८ च. काटा मधे वळसा घालून आला, पण शेवटचं उत्तर घड्याळात मावणारं असल्यामुळे ते बरोबर आलं. संगणकाचे पूर्णांक याच घड्याळासारखे वळसा घेतात. म्हणून मधल्या पायऱ्यांची भीती न बाळगता फक्त अंतिम बेरीज किती मोठी होऊ शकते ते आधी काढून ठेवायचं.

ठोक्याचा माग

एवढी शिदोरी घेऊन पॅन आणि टॉम्पकिन्स यांची रीत पाहू. पहिली पायरी स्नायूंची थरथर आणि इतर जलद खळबळ कापण्याची. त्यासाठी सहा मोजमापांची चालू बेरीज, आणि त्या बेरजांची पुन्हा सहा-सहांची चालू बेरीज. यात मूळ लहर ३६ पट होते. तिला लगेच भागून लहान करण्याची घाई नसते. मोजमाप उणे ५१२ ते अधिक ५११ या टप्प्यातलं असेल तर ३६ पटीने ते फार तर १८,४३२ होईल आणि १६ बिटांची मर्यादा ३२,७६७ आहे. हिशेब मावतो, पुढे चला.

दुसरी पायरी श्वासाबरोबर तरंगणारी रेघ सपाट करण्याची. शेवटच्या ३२ मोजमापांची सरासरी म्हणजेच ती तरंगती रेघ. ती सरासरी १६ पावलांपूर्वीच्या मोजमापातून वजा केली की उरतो तो ठोका. ३२ हा आकडा हृदयाला चालतो आणि प्रोसेसरलाही, कारण ३२ ने भागणं म्हणजे पाच बिट सरकवणं. या पायरीने उत्तर ८० मिलिसेकंद उशिरा मिळतं, पण ठोके मोजण्याच्या कामात तेवढ्याने काही बिघडत नाही.

तिसरी पायरी चढ मोजण्याची. क्यूआरएसचा कडा सरळसोट उभा असतो, बाकीच्या लहरी सौम्य टेकड्यांसारख्या. चढ काढण्याच्या सूत्रात मोजमापांना दोनाने गुणावं लागतं, ते एक बिट सरकवून होतं. त्याच सूत्रात शेवटी एक-दशांशने गुणायचं होतं. तिथे त्यांनी एक-अष्टमांश वापरला. सगळ्याच चढांना तोच गुणक लागत असल्यामुळे ठोक्याची ओळख बिघडत नाही आणि भागाकार वाचतो. कुठे अचूकता हवी आणि कुठे ती दिली नाही तरी चालते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच अशी सूट घेता येते.

त्यानंतर चढाचा वर्ग करतात, म्हणजे चढ-उतार दोन्ही धन होतात आणि उंच चढ आणखी उंच दिसतात. हा या साखळीतला एकमेव खरा गुणाकार. मग १५० मिलिसेकंदांच्या, म्हणजे ३० मोजमापांच्या खिडकीतून पुन्हा चालू बेरीज. आता प्रत्येक ठोका एका स्वच्छ उंचवट्यासारखा दिसतो.

उंचवटा किती उंच असला म्हणजे ठोका मानायचा? माणसागणिक ते बदलतं, घामाने इलेक्ट्रोड सैल झाला तरी बदलतं. म्हणून उंबरठा सतत शिकत राहतो. ओळखलेल्या ठोक्यांच्या उंचीची एक सरासरी आणि गोंगाटाच्या उंचीची दुसरी, अशा दोन सरासऱ्या ठेवतात. नव्या उंचीचा एक-अष्टमांश आणि जुन्या सरासरीचे सात-अष्टमांश मिळून नवी सरासरी बनते. उंबरठा असतो गोंगाटाच्या पातळीपासून ठोक्याच्या पातळीपर्यंतच्या अंतराच्या पाव हिश्शावर. पुन्हा आठ, पुन्हा चार. शिवाय हृदयाच्या शरीरधर्माचीही मदत घेतली आहे: एका ठोक्यानंतर २०० मिलिसेकंदांत दुसरा ठोका पडू शकत नाही, म्हणून त्या काळात काहीही दिसलं तरी ते सोडून द्यायचं.

ही रीत त्यांनी एमआयटी आणि बेथ इस्राएल रुग्णालयाच्या प्रसिद्ध संग्रहावर तपासली. त्यात प्रत्येकी अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत, अनियमित ठोक्यांसह, आणि प्रत्येक ठोक्यावर तज्ज्ञांनी खूण केलेली आहे. ९९.३ टक्के ठोके बरोबर ओळखले गेले.

सात रुपयांची अडचण

सरकवून भागण्यात एक खाच आहे, ती सांगायलाच हवी. समजा वरच्यासारखी एक-अष्टमांशाची सरासरी ९३ वर आहे आणि नवी मोजमापं सारखी १०० येत आहेत. फरक ७. त्याचा एक-अष्टमांश पाऊणहून जास्त, पण तीन बिट सोडल्यावर पूर्णांकात उरतं शून्य. सरासरी ९३ वरच अडकून बसते, कितीही वेळ थांबा. वरून खाली येताना मात्र ऋण संख्या सरकवताना खालच्या अंगाने गोल होते, म्हणून १०७ वरून निघालेली सरासरी नीट १०० पर्यंत उतरते. एकाच गाळणीची दोन उत्तरं.

उपाय घरच्या हिशेबातलाच आहे. आठ जणांत सात रुपये वाटायचे तर रुपयांत कुणालाच काही मिळत नाही, पण पैशांत हिशेब ठेवला की वाटणी होते. सरासरी साठवायच्या ऐवजी तिची आठपट साठवायची, आणि वाचताना तेवढी तीन बिट सरकवून वाचायची. मग ते सात वाया जात नाहीत. दर पावलाला जमा होत होत सरासरीला १०० वर पोहोचवतात.

गुणाकार टाळताच येत नाही तेव्हाही हीच युक्ती चालते. ०.७ ने गुणायचं असेल तर २५६ च्या हिश्शात ०.७ म्हणजे १७९. शंभराला १७९ ने गुणलं की १७,९००. आठ बिट सोडले की ६९. सोडण्यापूर्वी २५६ चं निम्मं, म्हणजे १२८, मिळवलं तर उत्तर ७० येतं, जे खरं आहे. एका बेरजेने पुरा एक अंक सुधारला. अशा हिशेबाला स्थिर बिंदूचा, म्हणजे फिक्स्ड पॉइंट, हिशेब म्हणतात, आणि आजचे अनेक मायक्रोकंट्रोलर त्याच्यासाठी घडवलेले आहेत. कॉर्टेक्स-एम४ या कुळातला प्रोसेसर १६ बिटांचे दोन गुणाकार आणि त्यांची बेरीज एकाच सायकलीत करतो. शिवाय गाळणीचे गुणक आरशातल्यासारखे दोन्ही बाजूंना समान असतील, तर जोडीतली मोजमापं आधी मिळवून मगच गुणायची, म्हणजे गुणाकार निम्मे होतात.

आज एवढी काटकसर कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. आज काहीशे रुपयांत मिळणारा मायक्रोकंट्रोलर झेड-८० च्या कितीतरी पुढे गेला आहे. पण आता मोजायची असते ती बॅटरी. छोटा प्रोसेसर दर मोजमापाला जागा होतो, हिशेब करतो आणि पुन्हा झोपतो. जितका लवकर हिशेब संपेल तितकी जास्त झोप. गोल बटण सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास वीज असते. उपकरण सरासरी एक मिलिअँपिअर खात असेल तर सेल नऊ दिवसांत संपतो, दहावा हिस्सा खात असेल तर तीन महिने पुरतो. छातीवर पट्टा बांधून फिरणाऱ्या रुग्णाला हा फरक दिवसागणिक जाणवतो.

याहून मोठं कारण मला वेगळं वाटतं. अशी गाळणी लिहिताना प्रत्येक आकडा दोनदा पारखावा लागतो, एकदा प्रोसेसरसाठी आणि एकदा संकेतासाठी, म्हणजे गाळायच्या लहरीसाठी. हा विचार न करता तयार कोड उचलला तर काय होतं, ते पॅन-टॉम्पकिन्सच्या पहिल्याच पायरीवर दिसतं.

ती गाळणी अमेरिकेत घडली, आणि अमेरिकेच्या भिंतीतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची. दोनदा सहा-सहांची बेरीज घेतली की ६० आवर्तनांची लहर सुमारे ६८ व्या हिश्शावर येते. आपल्याकडे वीज ५० ची. तीच गाळणी, तोच कोड, पण ५० ची लहर फक्त १८ व्या हिश्शापर्यंत उतरते. म्हणजे आपल्या घरघरीचा जवळजवळ चौपट अंश आत शिरतो. प्रोग्राममध्ये चूक नाही, सूत्रात चूक नाही. आकडा दुसऱ्या देशाच्या विजेसाठी निवडलेला आहे, एवढंच. आणि त्याचा उपाय आपण सुरुवातीलाच पाहिला: पुढे चार मोजमापांची एक चालू बेरीज जोडायची. एक बेरीज, एक वजाबाकी, आणि ५० ची लहर शून्य. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते. एवढ्याशा हेलकाव्यानेही उरणारी घरघर चारशेव्या हिश्शाहून कमी राहते.

पण चार हा आकडाही मंत्र नाही. मोजमापं सेकंदाला २५० घेतली तर एका आवर्तनात पाच बसतात, मग बेरीज पाचांची हवी. १,००० घेतली तर विसांची. आणि मोजमापं ठरल्या वेळीच पडली पाहिजेत. अभियांत्रिकीच्या प्रकल्पात मुलं पुष्कळदा मुख्य लूपमध्ये पाच मिलिसेकंद थांबायची आज्ञा देतात आणि त्याच लूपमध्ये आकडे स्क्रीनवरही पाठवतात. पाठवायला लागणारा वेळ त्या पाचांत मिळत जातो, दोन मोजमापांतलं अंतर कमी-जास्त होतं, आणि विजेची चार मोजमापं एकमेकांना खोडेनाशी होतात. विद्यार्थी मग गाळणीतले आकडे बदलत बसतो. दोष असतो वेळेत. मोजमाप टायमरच्या इंटरप्टवर, म्हणजे ठरल्या क्षणी चालू काम थांबवणाऱ्या इशाऱ्यावर, सोपवलं की तीच गाळणी चालू लागते.

म्हणून कुणी विद्यार्थी असा प्रकल्प हाती घेत असेल तर त्याने आधी कागद घ्यावा, संगणक नंतर. संकेतात काय ठेवायचं, काय काढायचं, सेकंदाला किती मोजमापं, एका आवर्तनात किती बसतात, सर्वांत मोठी बेरीज किती बिटांची होईल, हे सहा-सात ओळींत मांडावं. ते मांडून झालं की कोड बहुधा तेवढ्याच ओळींचा होतो. पॅन आणि टॉम्पकिन्स यांनी सहा, बत्तीस आणि आठ हे आकडे त्यांच्या प्रोसेसरकडे, त्यांच्या विजेकडे आणि हृदयाकडे पाहून ठरवले. आपल्या भिंतीतली वीज ५० ची आहे, हे त्या कोडला आपणच सांगायला हवं.